घरी जुळवलेली रायफल

आमच्या लासूर स्टेशनात घरच्या घरी जुळवण्याचा छंद पुष्कळांना आहे. कुणी भंगारातून दोन मोडक्या सायकली आणून एक धडकी सायकल उभी करतो, तर कुणी तीन बंद पंख्यांतून एक चालू पंखा काढतो. म्हणून गेल्या मे महिन्यात आमचे पंधरा वर्षांचे चिरंजीव, “बाबा, सुटे भाग आणून आपण घरी रायफल जुळवू या. थोडक्यात होते,” असे म्हणाले, तेव्हा मी वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही. सौ.च्या हातातले लाटणे मात्र थांबले.

“अहो, ऐकलंत का तो काय म्हणतो ते?”

मग मला ऐकावेच लागले. फोनवर त्याने कुणा अमेरिकन गृहस्थाला जेवणाच्या टेबलावर रायफल जुळवताना पाहिले होते. ती काही थाप नव्हती. तिकडच्या केंद्रीय कायद्याने क्रमांक कोरलेला मुख्य सांगाडा तेवढा ‘बंदूक’ समजला जातो. नळी, दस्ता, चाप वगैरे भाग बहुतेक राज्यांत इतर मालासारखेच विकत मिळतात. तेव्हा हौशी माणूस महिन्याच्या पगारातून एकेक भाग घेतो आणि सवडीने जोडतो.

आपल्याकडे तसे नाही. १८७८ साली इंग्रजांनी हत्यारांचा कायदा केला तो आपल्याला निःशस्त्र ठेवण्यासाठी. त्यावर आपल्या पुढाऱ्यांनी टीकाही पुष्कळ केली. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा कायदा आला. त्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भागही येतात. परवान्याशिवाय बंदूक बनवली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर निदान सात वर्षे तुरुंग, आणि जास्तीत जास्त जन्मठेप! हे मी वाचून दाखवले तेव्हा चिरंजिवांचा चेहरा उतरला.

पण त्याला बंदूक कशाला हवी होती, हे मी अजून विचारलेच नव्हते. विचारल्यावर कळले की त्याच्या डोक्यात स्वप्नील कुसळे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या एका शिक्षकाचा हा मुलगा, २०२४ साली रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही प्रकारे पन्नास मीटरवर नेम धरून त्याने कांस्यपदक मिळवले. त्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम एक सेंटिमीटर रुंद असतो! ‘रोज आपल्या गाडीत तिकीट बघतात तसाच एक माणूस’, एवढे चिरंजिवांना पुरे होते.

खरी रायफल आणि तिच्या गोळ्या हे आमच्या पगारात बसणारे प्रकरण नव्हे. स्वप्नीलच्या वडिलांनी कर्ज काढल्याची हकीगत तेव्हा वर्तमानपत्रांतून आली होतीच. पण अंजली भागवत यांच्या हाती रायफल आली ती मुंबईच्या कीर्ती कॉलेजात, एन.सी.सी.मुळे, आणि २००० साली त्या सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभ्या होत्या. म्हणजे रायफल दुसऱ्याचीही चालते. उभे राहणे मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.

“मग आपण उभे राहण्याची रायफल जुळवू,” मी म्हणालो.

सुताराकडून सागाची एक जुनी फळी दस्त्याच्या आकारात कापून घेतली. डोळ्याजवळ बारीक भोकाचा वायसर बसवला, पुढच्या टोकाला मोठ्या भोकाचा. भोक बारीक असले की जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट दिसते. खऱ्या रायफलीच्या मागच्या छिद्राचेही मर्म तेच. स्पर्धेतली हवेची रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. म्हणून आम्ही आजोबांच्या तराजूतली दोन लोखंडी मापे फळीखाली बांधली. नळी नाही, चाप नाही, उडण्यासारखे काहीच नाही. एकूण खर्च एकशे चाळीस रुपये, त्यातले शंभर सुताराचे. ही रायफल अंगणाबाहेर न्यायची नाही, अशी आईची अट पडली, ती चिरंजिवांनी मुकाट्याने मान्य केली.

भिंतीवर पेन्सिलीने ठिपका काढला. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत हात लटपटू लागले आणि ठिपका वायसरमधून पळून गेला. आठवडाभर चिरंजीव माझ्यावर, सुतारावर आणि वायसरवर चिडले. वायसर दोनदा बदलून झाला. पंधराव्या दिवशी संध्याकाळी फळी खाली ठेवून तो म्हणाला, “बाबा, रायफल हलत नाही हो. मीच हलतो.”

या एका वाक्यासाठी मी एकशे चाळीस काय, हजार रुपयेही दिले असते.

त्यानंतर सारे निराळे झाले. पाय किती फाकवायचे, कोपर बरगडीला कुठे टेकवायचे, श्वास अर्धा सोडून कधी थांबायचे, हे तो स्वतःच शोधू लागला. पहाटेच्या गाडीने घर हादरते, तेव्हा ठिपका चुकला तर गाडीला दोष द्यायचा नाही, हा नियमही त्याचाच. आता तो ठिपका मिनिटभर वायसरच्या मधोमध धरून ठेवतो.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला शहरातल्या नेमबाजीच्या वर्गात घेऊन जायचे ठरले आहे. तिथे वर्गाची रायफल मिळते. काल सौ.नेच विचारले, “त्याच्या बूट-मोज्यांचं काय करायचं?” घरातले लाटणे आता थांबत नाही.