लाकडी जमीन आणि टिकाऊपणाचे तीन अर्थ

घराच्या जमिनीसाठी निवडलेले लाकूड टिकाऊ असावे, अशी अपेक्षा स्वाभाविक असली, तरी ‘टिकाऊ’ या एका शब्दात कठीणपणा, स्थिरता आणि कुजण्यास होणारा प्रतिकार असे तीन निराळे गुण दडलेले असतात व ते एकाच जातीत सारख्या प्रमाणात क्वचितच आढळतात. ‘कठीण लाकूड’ ही वर्गवारीही फसवी आहे. कारण रुंद पानांच्या वृक्षांच्या लाकडाला दिलेले ते सरसकट नाव असून अतिशय मऊ असा बाल्साही त्याच वर्गात मोडतो.

कठीणपणा मोजण्यासाठी जांका कसोटी वापरतात. तीत ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात निम्मा रुतवण्यास किती बल लागते, हे पाहिले जाते. सागाला सुमारे १,०००, अमेरिकी लाल ओकला १,२९० आणि शुगर मेपलला १,४५० पौंड बल लागते. बास्केटबॉलच्या मैदानांसाठी मेपल पसंत केला जातो, त्यामागे हे एक कारण आहे.

स्थिरतेचा हिशेब मात्र उलटा आहे. हवेतील बाष्प शोषून लाकूड फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. ओले लाकूड पूर्ण सुकवल्यास वाढीच्या वलयांना समांतर दिशेने मेपल ९.९, लाल ओक ८.६, तर साग केवळ ५.८ टक्के आकसतो. म्हणूनच पावसाळा आणि उन्हाळा यांतील आर्द्रतेचा मोठा फरक सोसणाऱ्या प्रदेशात साग अधिक भरवशाचा ठरतो.

तिसरा गुण मध्यकाष्ठाशी, म्हणजे खोडाच्या आतील गडद भागाशी, निगडित आहे. सागाच्या मध्यकाष्ठातील तैलयुक्त द्रव्ये बुरशी व वाळवी यांना रोखतात. १८१७ साली मुंबईत सागवानी लाकडात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. बाहेरच्या फिकट रसकाष्ठात मात्र हे संरक्षण नसते, मग वृक्ष सागाचा का असेना.

त्यामुळे वर्दळीच्या पण कोरड्या दालनात मेपल किंवा ओक शोभतो, दमट हवेत साग. आणि दोन्हीकडे फळी खोडाच्या कोणत्या भागातली आहे, ती किती सुकवली आहे आणि भिंतीलगत फुगण्यास जागा सोडली आहे काय, हे जातीच्या नावाइतकेच काटेकोरपणे पाहावे लागते.