फोन झोपून उठतो, तेव्हा त्याच्या घड्याळांचं काय होतं?

स्क्रीन बंद करून फोन बाजूला ठेवला की थोड्या वेळाने प्रोसेसर सस्पेंड होतो, म्हणजे झोपतो. बॅटरी वाचावी म्हणून त्याची वेगवान क्लॉक बंद होतात. जागं राहतं ते आरटीसी, सेकंदाला 32,768 ठोके देणाऱ्या क्रिस्टलवरचं छोटं घड्याळ. उठल्यावर लिनक्स कर्नल अशाच जाग्या घड्याळाकडून झोपेचा वेळ घेतो आणि आपल्या वेळेत मिळवतो.

मग गडबड कुठे होते? झोपेत क्लॉक कंट्रोलरची वीज गेली, तर रजिस्टरमधली सेटिंग पुसली जाते. मग सीरियल पोर्टवर भलतीच अक्षरं येतात. क्लॉक बंद असतानाच ड्रायव्हरने रजिस्टर वाचलं, तर अख्खा बोर्ड हँग होऊ शकतो.

उपाय क्रमात आहे:

1. झोपण्याआधी रजिस्टर सेव्ह करा.
2. उठल्यावर आधी पीएलएल चालू करा, तो स्थिर होईपर्यंत थांबा.
3. मग बाकीची क्लॉक पूर्ववत करा.
4. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी जागे करा.

विश्रामबागेत वालचंद कॉलेजला असाल आणि प्रोजेक्टच्या बोर्डला सस्पेंड जमत असेल, तर 'आरटीसीवेक' कमांडने त्याला दहा सेकंद झोपवून बघा. एकदा नाही, शंभरदा. असा बग पहिल्याच वेळी सापडेल याची खात्री नसते.