डेडपूलचा ‘अनअलाइव्ह’ आणि आपलं ‘दिवा वाढवणं’

डेडपूल तुम्हाला सिनेमामुळे माहीत असेल. लाल पोशाख, दोन तलवारी, अखंड चालू असलेलं तोंड आणि पैसे घेऊन माणसं मारायचा धंदा. १९९१ साली मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये आलेलं हे पात्र धड नायक नाही आणि धड खलनायकही नाही. आपण एका गोष्टीतलं पात्र आहोत हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तमाशातल्या सोंगाड्यासारखा तो मध्येच थांबून थेट प्रेक्षकांशी बोलतो.

२०१३ मध्ये हा गडी ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ या ॲनिमेशन मालिकेच्या एका भागात पाहुणा म्हणून आला. मालिका डिस्नेच्या मुलांच्या चॅनेलवरची. आता भाडोत्री मारेकरी मुलांसमोर बोलणार तरी कसा? लेखकांनी या अडचणीचाच विनोद केला. डेडपूल ‘मारणार’ असं म्हणतच नाही, तो म्हणतो ‘अनअलाइव्ह’ करणार. शब्दशः सांगायचं तर ‘अ-जिवंत’ करणार! स्पायडर-मॅन कुणाचा जीव घेत नाही, त्यामुळे अर्थ कळल्यावर दोघांचं बिनसतं. शब्द सौम्य झाला, पण करायचं काम तेच राहिलं.

माझ्या पीएचडीचा विषय या विनोदाच्या अगदी जवळचा आहे: नको असलेला शब्द टाळायला भाषा कुठल्या आडवाटा शोधते, आणि त्या संगणकाला कळतात का?

मराठीत या वाटा जुन्याच आहेत. आपण दिवा ‘विझवत’ नाही, ‘वाढवतो’. बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. आमच्या कासारसाईकडे एका अंगाला धरण आणि साखर कारखाना, तर दुसऱ्या अंगाला हिंजवडीचं आयटी पार्क. पण उसाच्या फडाजवळ रात्री कुणी सापाचं नाव घेत नाही, ‘जनावर’ म्हणतात. साप चावला तर ‘पान लागलं’.

इथे ऐकणाऱ्याला खरा अर्थ माहीत असतो, म्हणून काही अडत नाही. मशीनचं तसं नसतं. समाजमाध्यमांवर मरणाविषयीचे शब्द असलेल्या पोस्ट दाबल्या जातात, अशी धास्ती लोकांना बसली. मग टिकटॉकवर डेडपूलचा तोच शब्द आत्महत्येसाठी सर्रास वापरात आला. २०२४ मध्ये तर सिएटलच्या एका संग्रहालयातल्या पाटीवर गायक कर्ट कोबेनच्या मृत्यूविषयी हाच शब्द लिहिला गेला, आणि त्यावर बरीच टीका झाली. गमतीत आलेला शब्द आता गंभीर जागी जाऊन बसला होता.

आता मराठीकडे या. मदतीची गरज असलेली माणसं ओळखायला एखादी प्रणाली बनवली आणि तिला ‘आत्महत्या’, ‘मरण’ असे शब्द शिकवले, तर ती काय पकडेल? मुख्यतः बातम्या. कारण त्रासात असलेला माणूस असं छापील बोलत नाही. तो म्हणतो, ‘काही बरं-वाईट करून घेईन’, ‘आता कंटाळा आला सगळ्याचा’. गावात ‘त्यानं औषध घेतलं’ हे वाक्य ऐकलं की लोकांच्या काळजात धस्स होतं, कारण औषध म्हणजे फवारणीचं. पण ‘औषध’ हा शब्द यादीत टाकावा, तर खोकल्याच्या गोळीवरही इशारा वाजेल. म्हणजे शब्दांची यादी कितीही वाढवली तरी पुरत नाही. कोण बोलतंय, कुठे, कुणाशी, आधी काय बोलणं झालंय, हे सगळं बघावं लागतं.

हे मशीनला शिकवायचं काम चालू राहील. तुमच्या घरात, वसतिगृहात मात्र ऐकणारे तुम्हीच आहात. कुणाच्या बोलण्यात अशी आडवाट दिसली, तर तुम्ही आडवाटेनं जाऊ नका. ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ असं सरळ, शांतपणे विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. उलट बोलायला वाट मिळते. सोबतीला सरकारची टेली-मानस सेवा आहे: १४४१६, मोफत, चोवीस तास.

डेडपूलला तो शब्द उच्चारायची परवानगी नव्हती. आपल्याला आहे.