नवं अडतं कुठे?

२०१४ साली ॲपलने आयफोनवर ‘हेल्थ’ ॲप आणलं. रक्तदाब सोडाच, अन्नातून पोटात गेलेलं सेलेनियमसुद्धा त्यात नोंदवता येत होतं. मासिक पाळी मात्र नोंदवता येत नव्हती. ती सोय २०१५मध्ये आली. काम अवघड नव्हतं, तारखाच तर मोजायच्या होत्या. आपल्याकडे बायका कित्येक वर्षं कालनिर्णयवर खूण करून हेच करत आल्या आहेत. कंपनीच्या वरिष्ठ फळीत तेव्हा बहुतेक पुरुष होते. नवी कल्पना बरेचदा इथेच अडते, उत्तर शोधण्याच्या कितीतरी आधी, प्रश्न सुचण्याच्या पायरीवर.

म्हणून वरिष्ठ व्यवस्थापनात विविधता आणली की नावीन्य आपोआप येतं, असं मात्र नाही. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या २०१८च्या पाहणीत अधिक विविध व्यवस्थापनाच्या कंपन्यांचा ४५ टक्के महसूल नव्या उत्पादनांतून येत होता, इतरांचा २६ टक्के. पण हे आकडे कंपन्यांनीच सांगितलेले. शिवाय विविधतेमुळे यश आलं, की यशस्वी कंपन्यांना विविधता परवडली, हे त्यातून कळत नाही. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचे असेच गाजलेले निष्कर्ष ग्रीन आणि हँड या अभ्यासकांनी अमेरिकी कंपन्यांवर तपासले, तेव्हा ते टिकले नाहीत. ही शंका रास्त आहे. मला डेझो आणि रॉस यांचा २०१२चा अभ्यास अधिक भरवशाचा वाटतो. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांची १५ वर्षांची माहिती तपासून त्यांना दिसलं, की वरिष्ठ व्यवस्थापनात स्त्रिया असण्याचा फायदा नावीन्यावर भर देणाऱ्या कंपन्यांनाच होतो. हे पटण्यासारखं आहे. ठरलेल्या कामात मतभेदांनी वेळ जातो. जिथे वाटच नवी असते, तिथे एकाच मुशीतल्या सगळ्या माणसांच्या नजरेतून तोच खड्डा सुटतो.

‘माणूस गुणवत्तेवर निवडा’ हा आक्षेप आपल्याकडे हटकून येतो. जरूर निवडावा. पण इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत २०१२मध्ये आलेल्या अभ्यासानुसार देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांचे ९० टक्क्यांहून अधिक संचालक उच्चवर्णीय होते. गुणवत्ता इतक्या थोड्या घरांत साठलेली असते, यावर विश्वास बसत नाही. शोधच तेवढ्यात थांबतो. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक सक्तीची केली, हे चांगलंच झालं. मात्र संचालक मंडळ वर्षातून मोजक्या वेळा बसतं. कोणतं उत्पादन काढायचं, संशोधनाला पैसे किती, हे रोजचं व्यवस्थापन ठरवतं. त्या फळीला ही सक्ती लागू नाही. तिथे एखादीला मनुष्यबळ खातं मिळालं आणि उत्पादन नि संशोधन जुन्याच हातांत राहिलं, तर नवा प्रश्न विचारायला ती त्या बैठकीत असणारच नाही.