तिथीची पाऊणपट स्वान्सीला चालत नाही

चिंचणीच्या पोरांना समुद्र शिकवावा लागत नाही. त्यातून पंचांग हाताशी असले म्हणजे विचारायलाच नको! तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी.

माझी भाची वेल्समधल्या स्वान्सीला शिकायला गेली ती हीच विद्या घेऊन. "मामा, वसतिगृहापुढेच वाळू आहे, अगदी आपली चिंचणी!" असे तिचे पहिले पत्र.

एका अष्टमीला ती मैत्रिणींबरोबर जवळच्या रॉसिली गावी गेली. तिथे वर्म्स हेड नावाचे बेट आहे. ओहोटीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास खडकांतून वाट उघडी राहते, एरवी पाणी. सकाळचे नऊ वाजलेले, वाट कोरडी. "बारापर्यंत पाणी उतरतच राहणार," भाचीने हिशेब सांगितला आणि पाऊल टाकले. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका आजीबाईंनी तिला हटकले म्हणून बरे. पाणी उतरत नव्हते, चढत होते! आपल्याकडे पुनवे-अवसेला दुपारी बाराच्या सुमारास भरती, तर स्वान्सीला तेव्हा ओहोटी. अष्टमीला सारे उलट. शिवाय उधाणाला पाणी आठ-साडेआठ मीटर चढते. कवी डिलन टॉमस स्वान्सीचाच, पण लहानपणी तोही या बेटावर अडकला होता. गावच्या पोराची ही गत!

तेव्हा तिथे पोचताच स्थानिक भरतीचे कोष्टक मिळवावे. काही कोष्टके ग्रिनिचच्या वेळेची असतात; उन्हाळ्यात त्यांत एक तास मिळवायचा. पोहायचे ते तांबड्या-पिवळ्या निशाणांच्या मधेच. पाणी भर ऑगस्टातही 17-18 अंशांचे. एकदम उडी घेतली की छाती आखडते, श्वास लागतो. अशा वेळी हातपाय न मारता उताणे तरंगावे, थोड्याच वेळात दम परत येतो. कोणी संकटात दिसले तर मागोमाग उडी न घेता 999 फिरवून कोस्टगार्ड मागावा.

छत्रीवर पैसे घालवू नयेत, तिथला वारा ती उलटी करतो. आणि फोडणीपूर्वी खिडकी उघडावी. भाचीच्या मिरच्यांनी धुराची घंटा वाजून सारे वसतिगृह रात्री अंगणात उभे राहिले होते!

परक्या किनाऱ्यावर माणसे कशी जोडावीत, याचा दाखला चिंचणीलाच सापडलेल्या ताम्रपटात आहे. शके 848, म्हणजे इ.स. 926. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा मधुमती हा ताजिक, म्हणजे अरब. त्याने इथे फुकट तरी सुरू केल्या, अन्नछत्र घातले. त्यात भात, कालवण आणि तूप मिळे.

भाचीने त्या आजीबाईंना दिवाळीला वरणभाताला बोलावले आहे. आमच्या ताईने तुपाची बरणी भरून ठेवली होती. पण भारतातून दूधदुभत्याचे पदार्थ सामानातून तिकडे नेता येत नाहीत. आता भाची तिथलेच लोणी कढवणार आहे, खिडकी उघडून.