दंतारोपण आणि हाडाची राखण

कऱ्हाडास कृष्णा विश्व विद्यापीठाचें व सांगलीस भारती विद्यापीठाचें दंतवैद्यक महाविद्यालय झाल्यापासून सातारा-सांगलीकडील गृहस्थास दांतांसाठीं पुण्यामुंबईची वाट धरण्याचें फारसें कारण उरलें नाहीं. पडलेल्या दाढेच्या जागीं कवळी न बसवितां जबड्याच्या हाडांतच टिटॅनियम धातूची खुंटी रोवून तीवर दांत चढवावा, असा सल्ला आतां वडीलधाऱ्यांस मिळूं लागला आहे. खर्च किती, दांत दिसेल कसा, हें सारे विचारतात. हाडास भोंक कसें पाडणार, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें पहिला प्रश्न तोच असावयास हवा.

हाड म्हणजे सुकें लाकूड नव्हे. त्यांत रक्त खेळतें, जिवंत पेशी असतात, आणि त्याच पेशी पुढें कित्येक आठवडे खपून खुंटीस बिलगणारें नवें हाड घडवितात. स्वीडनमधील शास्त्रज्ञ ब्रोनेमार्क यांस १९५२ सालीं सशाच्या हाडांत बसविलेलें टिटॅनियमचें उपकरण काढूं जातां निघेना, तेव्हां या धातूचा गुण उमगला. १९६५ सालीं त्यांनीं मनुष्याच्या जबड्यांत प्रथम अशा खुंट्या बसविल्या.

पण या पेशींस उष्णता सोसत नाहीं. सागवानांत गिरमिट जोरानें फिरविलें तर भोंकाच्या कडा करपतात, हाडाचेंही तसेंच. १९८३ सालीं एरिक्सन व आल्ब्रेक्टसन यांनीं सशांवर प्रयोग करून दाखविलें कीं, हाड ४७ अंश सेंटिग्रेडवर अवघें एक मिनिट राहिलें तरी त्याची हानि होते. चढत्या तापांत माणसाचें अंग ४० अंशांवर जातें, हें ध्यानांत घेतां ही मर्यादा किती जवळची आहे तें कळेल! होरपळलेलें हाड खुंटीस धरीत नाहीं. मध्यें मऊ तंतूंचा पापुद्रा येतो व खुंटी हलूं लागते. म्हणून कसबी दंतवैद्य बारीक गिरमिटापासून आरंभ करून भोंक क्रमाक्रमानें रुंद करितो, गिरमिट मधून मधून वर उचलतो, आणि निर्जंतुक गार मिठाच्या पाण्याची धार सारखी सोडीत राहतो. बोथट गिरमिटावर केलेली काटकसर रोग्याच्या हाडास भोंवते.

वरच्या जबड्याच्या मागील बाजूस हाड भुसभुशीत असतें. तेथें हुवैस या अमेरिकेंतील दंतवैद्यानें प्रचारांत आणलेली निराळी रीत आहे: खास घडणीचें गिरमिट उलट्या दिशेनें फिरवून हाड बाहेर न टाकितां भोंकाच्या भिंतींतच दाबून बसवावयाचें. पुरणासाठीं पारी करितांना कणीक कडेस दाबीत नेतात, तसेंच कांहींसें. खालच्या जबड्याच्या टणक हाडावर मात्र असा दाब घातल्यास रक्ताचा पुरवठाच अडूं शकतो; तेव्हां सरसकट एकच रीत सांगणाऱ्याविषयीं आम्हांस शंका वाटते.

हाड कसें आहे हें क्ष-किरण चित्रांत पाहिलें काय, भोंक पाडतांना पाणी सोडणार काय, मधुमेह किंवा विडी-सिगारेटची संवय आड येईल काय, हें आधींच विचारून घ्यावें. घरचीं वडील मंडळी भिडेस्तव विचारणार नाहींत. सोबत जाणाऱ्या सुनेनें अथवा नातवानें विचारावें.