न दिसणारी धूळ

भोसरी एमआयडीसीतील लहान शेडमध्ये सुऱ्या, ब्लेड व कटर घासताना ग्राइंडरखाली साचणारा काळा थर हाच खरा धोका असून तोंडाला रुमाल बांधला की पुरे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात जाड कण बहुतांशी नाका-घशातच अडतात आणि वायुकोशांपर्यंत (रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या फुप्फुसातील सूक्ष्म पिशव्या) पोहोचते ती श्वसनक्षम धूळ, म्हणजे साधारण 4 मायक्रॉन (1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वा त्याहून बारीक कण. कवडसा सरकला की त्यातले कण दिसेनासे होतात, पण हवेतच राहतात. तशीच ही धूळ मशीन थांबल्यावरही तरंगत राहते, त्यामुळे मशीन बंद होताच मास्क उतरवणे किंवा एअर गनने कपडे झटकणे, ही भलतीच अंगवळणी पडलेली सवय, घातक ठरते.

रुमालाच्या विणीतून हे कण सहज जातात. आयएस 9473 मानकाचा एफएफपी2 मास्क ते रोखतो, मात्र दाढीमुळे कडेला फट राहिल्यास त्याचाही उपयोग घटतो. धूळ ओढणारे यंत्र तिच्या उगमाशी शक्य तितके जवळ हवे (2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 14 मध्येही हेच म्हटले होते), कारण समोरच्या भिंतीवरचा पंखा मागच्या ग्राइंडरची धूळ कामगाराच्या तोंडावरूनच बाहेर नेतो.